पदनाम आणि प्रत्यक्ष कौशल्य: तफावत कशी ओळखावी आणि कशी भरून काढावी

‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांना अर्धीच लागू पडते. मोठे पदनाम मिरवणारी, पण त्यामागचे काम कधीच न केलेली माणसे या क्षेत्रात आहेतच. मात्र हाती सोन्याचा वाळा असून नावाने कथलाबाईच राहिलेली, म्हणजे ‘सपोर्ट इंजिनिअर’ किंवा ‘टेस्टर’ या पदनामाखाली अख्खी प्रणाली सांभाळणारी माणसेही येथे कमी नाहीत. दोन्ही प्रकारच्या तफावतीवर उपाय वेगळे आहेत, पण पहिली पायरी एकच आहे: पदनाम बाजूला ठेवून आपल्या कामाचा हिशेब लिहिणे. तो कसा लिहावा, कशाशी ताडून पाहावा आणि त्यातून जे दिसेल त्याचे पुढे काय करावे, हे येथे सांगितले आहे.

पदनाम कशासाठी दिले जाते

हिशेबाला बसण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कौशल्याचे मोजमाप म्हणून पदनाम क्वचितच दिले जाते. कधी ते पगाराच्या श्रेणीत माणूस बसवण्यासाठी दिले जाते, कधी ग्राहकाला चढ्या दराचे बिल लावता यावे म्हणून, कधी पगारवाढ देणे शक्य नसताना माणूस टिकावा म्हणून, तर कधी जाहिरातीला भरपूर अर्ज यावेत म्हणून. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांचे पदनाम होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा स्त्रिया अशा ‘कॉम्प्युटर’मधूनच निवडल्या गेल्या होत्या आणि त्या करत असलेल्या कामाला साजेसे पदनाम तेव्हा रुळलेलेच नव्हते. काम आधी येते आणि नाव मागाहून, कधी चुकीचे, चिकटते, हा या क्षेत्राचा जुना परिपाठ आहे.

उलट दिशेचे उदाहरण ‘डेव्हऑप्स’चे. २००९ साली बेल्जियममधील घेंट येथे पॅट्रिक डेबॉइस यांनी भरवलेल्या परिषदेपासून हा शब्द पसरला, तो सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालवणारे अशा दोन गटांनी एकत्र काम करण्याच्या पद्धतीचे नाव म्हणून. बाजाराने त्याचे पदनाम करून टाकले, आणि आज ‘डेव्हऑप्स इंजिनिअर’ म्हणजे एका ठिकाणी सर्व्हर सांभाळणारा, दुसऱ्या ठिकाणी बिल्डच्या (कोडपासून चालू सॉफ्टवेअर तयार करण्याच्या) स्क्रिप्ट लिहिणारा आणि तिसऱ्या ठिकाणी क्लाउडच्या खर्चाचा पाठपुरावा करणारा असू शकतो. ‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम २००८ च्या सुमारास लिंक्डइनमधील डी. जे. पाटील आणि फेसबुकमधील जेफ हॅमरबाकर यांच्यामुळे रूढ झाले. त्याखाली आता संख्याशास्त्रज्ञापासून मासिक अहवाल काढणाऱ्यापर्यंत कोणीही सापडतो.

कंपनी बदलली की तेच पदनाम वेगळ्या अर्थाचे होते, हेही ध्यानात असावे. नेटफ्लिक्समध्ये २०२२ मध्ये पातळ्या येईपर्यंत बहुतेक सॉफ्टवेअर अभियंत्यांचे पदनाम ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असेच असे. पदवी घेऊन नुकताच आलेला अभियंता गूगलमध्ये तिसऱ्या पातळीवर आणि ॲमेझॉनमध्ये चौथ्या पातळीवर सुरुवात करतो, म्हणून दुसरा पहिल्याहून वरचढ ठरत नाही. ओव्हरटाइमच्या तरतुदींतून संगणक क्षेत्रातील कोणाला वगळावे हे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या संघीय नियमांत तर या क्षेत्रातील पदनामे फार वेगवेगळी असतात आणि झपाट्याने बदलतात, म्हणून केवळ पदनामावरून निर्णय होऊ शकत नाही, असे स्पष्टच लिहिलेले आहे. कायद्याने जे मान्य केले ते स्वतःच्या बाबतीत मान्य करायला आपल्याला मात्र जड जाते.

हिशेब कसा लिहावा

गेल्या सहा महिन्यांचा कालावधी घ्यावा. त्याहून जुने काम आठवणीत उजळते आणि त्याहून कमी काळात कामाचे सगळे प्रकार येत नाहीत. स्मरणशक्तीवर विसंबून न राहता टिकेटांची (नोंदवलेल्या कामांची आणि तक्रारींची) यादी, गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतील नोंदी, कोड रिव्ह्यूवरच्या चर्चा, ऑन-कॉलचे (बिघाड झाल्यास धावून जाण्याच्या पाळीचे) वेळापत्रक आणि कॅलेंडर उघडून बसावे. दोन संध्याकाळी पुरतात. प्रत्येक कामापुढे तीन रकाने करावेत: काय केले, काय ठरवले आणि काय निस्तरले. पहिल्या रकान्यात हातांनी केलेले काम येते. दुसऱ्यात असे निर्णय येतात की जे दुसऱ्या कोणी घेतले असते तर वेगळे झाले असते. तिसऱ्यात बिघडलेले येते, मग ते आपण बिघडवलेले असो वा इतरांनी.

लिहिताना ‘सहभाग होता’, ‘मदत केली’, ‘सुधारणा घडवून आणली’ यांसारखी क्रियापदे वर्ज्य समजावीत, कारण त्यांच्याआड काहीही लपते. ‘पेमेंट सेवेच्या विश्वासार्हतेत सुधारणा घडवून आणली’ ही नोंद निरुपयोगी आहे. तीच नोंद अशी लिहावी: नेटवर्क तुटल्यावर ॲप तीच विनंती पुन्हा पाठवत असे आणि ग्राहकाच्या खात्यातून रक्कम दोनदा वजा होत असे, लॉग वाचून हे कारण मी शोधले, प्रत्येक विनंतीला ॲपनेच एक अनन्य क्रमांक द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा साठवू न देणारे) घालावे, असे मी ठरवले, ‘पाच मिनिटांत तीच रक्कम आली तर नाकारावी’ हा सोपा मार्ग मी सोडून दिला, कारण एखादा ग्राहक खरोखरच दोनदा तीच रक्कम भरू शकतो, बदल प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातील प्रणालीत) गेल्यावर जुन्या ॲपच्या विनंत्यांना क्रमांक नसल्याने त्या नाकारल्या जाऊ लागल्या आणि ते मला त्याच रात्री निस्तरावे लागले. या नोंदीत शेवटचा तपशील लाजिरवाणा आहे, पण सर्वांत मोलाचाही तोच आहे, कारण काम खरोखर स्वतः केलेल्या माणसालाच तो ठाऊक असतो.

मी असा पहिला हिशेब लिहिला तेव्हा माझे पदनाम ‘टेक्निकल लीड’ होते. पहिला रकाना भरून वाहत होता, तिसऱ्यातही बरेच होते, आणि दुसऱ्यात जेमतेम तीन ओळी होत्या. मी लीड करत होतो ती बैठकांची वेळापत्रके. निर्णय दुसरीकडेच होत होते.

पातळीशी ताडून पाहणे

हिशेब हाती आला की तो कंपनीबाहेरच्या एखाद्या मापाशी ताडावा. यासाठी ‘एसएफआयए’ (स्किल्स फ्रेमवर्क फॉर द इन्फर्मेशन एज) ही कौशल्य-चौकट उपयोगी आहे. ती २००० साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिची नववी आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिच्यात जबाबदारीच्या सात पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरचा माणूस सांगितल्याप्रमाणे काम करतो, दुसऱ्यावरचा साहाय्य करतो, तिसऱ्यावरचा आपले ज्ञान स्वतः लागू करतो, चौथ्यावरचा इतरांचे काम शक्य करतो, पाचव्यावरचा खात्री देतो आणि सल्ला देतो, सहाव्यावरचा नवी दिशा सुरू करून तिचा प्रभाव पाडतो आणि सातव्यावरचा धोरण ठरवतो. या चौकटीत शंभराहून अधिक कौशल्ये आहेत, परंतु एका वेळी चार किंवा पाचच निवडावीत. प्रत्येक कौशल्यासाठी आपण कोणत्या पातळीवर आहोत असे वाटते ते लिहावे आणि त्या पातळीचा पुरावा हिशेबातून काढून दाखवावा. पुरावा न सापडल्यास एक पातळी खाली यावे. हा नियम कठोर वाटला तरी त्यात सवलत घेऊ नये.

या मापात वर्षे मोजली जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये केलेल्या कर्मचारी-निवडीच्या पद्धतींच्या प्रसिद्ध विश्लेषणात पुढील कामगिरीशी प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याचा सहसंबंध ०.५४ होता, तर अनुभवाच्या वर्षांचा केवळ ०.१८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरविश्लेषणात बरेच आकडे खाली आले, कामाचा नमुना ०.३३ वर आला आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखती ०.४२ सह क्रमवारीत सर्वांत वर आल्या. अनुभवाची वर्षे मात्र तेथेही वर आली नाहीत. ‘मला दहा वर्षे झाली’ हे वाक्य म्हणून हिशेबात कोठेही येऊ देऊ नये.

साधनाचे नाव आणि कौशल्य यांची गल्लत मात्र सर्वांत जास्त होते. कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यांत) चालणारे सॉफ्टवेअर सांभाळणारी कुबरनेटीस ही प्रणाली ‘येते’ म्हणजे काय? कोणी तरी लिहिलेली यामल (मांडणीच्या सूचनांची) फाइल नक्कल करून त्यातले नाव बदलता येणे, हे एक. कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडला, तर त्याला सक्तीने मारले गेले आहे, बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे, हे ओळखून मर्यादा वाढवायची की मेमरीची गळती शोधायची याचा निर्णय करता येणे, हे दुसरे. रेझ्युमेवर दोन्ही माणसे एकच शब्द लिहितात.

ही गल्लत सोडवण्यासाठी मी कोऱ्या यंत्राची परीक्षा सुचवतो. एक रिकामा सर्व्हर घ्यावा, ज्यावर कंपनीची कोणतीही आयती स्क्रिप्ट किंवा अंतर्गत साधन नाही. त्यावर एखादी लहान सेवा, तिचा डेटाबेस, एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र आणि लॉग यांसह उभी करावी. मग डेटाबेस मुद्दाम पुसून बॅकअपवरून तो परत आणावा. बॅकअप ‘घेतलेला’ असणे आणि तो परत आणून पाहिलेला असणे यांतील अंतर या एका कृतीत कळते. दस्तऐवज वाचण्यास पूर्ण मुभा आहे, कारण ही पाठांतराची परीक्षा नाही. पण कोठे अडलो, किती वेळ अडलो आणि कोणता भाग आजवर दुसरेच कोणी करत होते, याची टीप ठेवावी. विदेचे (डेटाचे) काम करणाऱ्यांनी याच धर्तीवर एखादा कच्चा, घाणेरडा डेटासंच घेऊन पहिल्या पायरीपासून निष्कर्षापर्यंत एकट्याने जावे. टेस्टिंगवाल्यांनी अनोळखी सॉफ्टवेअरसाठी चाचणीचा आराखडा शून्यातून लिहावा.

शेवटी हिशेब आणि पातळ्या दुसऱ्या एका माणसाला दाखवाव्यात. तो आपला मॅनेजर नसावा, कारण त्याच्या मनात बढतीचा आणि पगाराचा विचार येणारच. प्रणाली कोलमडली त्या रात्री जो आपल्यासोबत जागा होता, तो यासाठी सर्वांत योग्य.

पदनाम मोठे आणि कौशल्य अपुरे असेल तर

हा प्रकार अधिक धोकादायक आहे, आणि त्याचे कारण लोक समजतात ते नाही. उघडे पडण्याची भीती ही दुय्यम गोष्ट आहे. मोठ्या पदनामाचा खरा तोटा हा की ते प्रश्न विचारण्याची मुभा काढून घेते. इंटर्नला ‘हे असे का?’ विचारता येते. ‘प्रिन्सिपल आर्किटेक्ट’ला तेच विचारताना जीभ अडखळते. मग तो मान डोलावतो, न समजलेल्या आराखड्याला संमती देतो आणि तफावत वर्षागणिक रुंदावत जाते.

म्हणून पहिला उपाय प्रश्न विचारण्याची रीत बदलणे हा आहे. ‘मला हे कळत नाही’ असे मोघम सांगण्याऐवजी आपल्याला काय ठाऊक आहे, आपण काय करून पाहिले आणि नेमके कोठे अडलो, हे तीन भाग त्याच क्रमाने सांगावेत. उदाहरणार्थ, डेटाबेसमधील शोध मंदावला असेल तर: ‘ही क्वेरी इंडेक्स वापरत नाही एवढे मला एक्स्प्लेन या आज्ञेतून दिसले, इंडेक्स नव्याने बांधूनही फरक पडला नाही, आता डेटाबेसच्या प्लॅनरने अंदाजलेल्या ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत एवढा फरक का आहे ते समजून घ्यायचे आहे.’ असा प्रश्न विचारणाऱ्याचे वजन कमी होत नाही, उलट वाढते, आणि उत्तरही नेमके मिळते.

दुसरा उपाय एका वेळी एकच उणीव निवडण्याचा. आधी ती उणीव घ्यावी जिथे दुसरे कोणी तरी आपल्या शब्दावर विसंबून आहे. डेटा सायंटिस्ट म्हणून आपण दिलेल्या अंदाजांवर कोणी खर्च ठरवत असेल, तर नवे न्यूरल नेटवर्क शिकण्याआधी आपली पडताळणी बरोबर आहे का ते पाहावे: काळानुसार बदलणाऱ्या विदेची विभागणी यादृच्छिक केली, तर भविष्यातील माहिती प्रशिक्षणात झिरपते आणि मॉडेल कागदावर उत्तम, वापरात कुचकामी ठरते. आर्किटेक्ट असूनही आपली रचना कधी स्वतः चालवलेली नसेल, तर ऑन-कॉलच्या पाळीत साहाय्यक म्हणून नाव नोंदवावे आणि रात्रीचा अलार्म स्वतः ऐकावा. एका उणिवेला सुमारे तीन महिने द्यावेत. त्या काळात निदान एक खरे काम, ज्याचा परिणाम इतरांवर होईल, त्याच कौशल्यातून पार पाडले पाहिजे. नुसता ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हिशेबाच्या एकाही रकान्यात बसत नाही.

आपली उणीव सर्वांसमोर जाहीर करावी काय? माझ्या मते नाही, पण मॅनेजरपासून ती लपवूही नये. ‘या पदाकडून जे अपेक्षित आहे त्यातील हा भाग मी अजून केलेला नाही आणि पुढच्या तिमाहीत तो मला करायचा आहे’ एवढे पुरेसे आहे. नोकरी बदलताना मुलाखत पदनामाच्या उंचीवरून घेतली जाते, हेही विसरू नये. अशा वेळी एक पातळी खालचे पद स्वीकारणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मोठ्या कंपन्यांत मुलाखतीनंतर उमेदवाराला अर्जापेक्षा खालच्या पातळीवर घेणे ही नित्याची गोष्ट आहे आणि तिला कमीपणा समजण्याचे कारण नाही.

कौशल्य मोठे आणि पदनाम लहान असेल तर

येथे हिशेबाचे रूपांतर एका पानाच्या टिपणात करावे. दुसऱ्या रकान्यातील चार किंवा पाच ठळक निर्णय, त्यांचे परिणाम आणि कंपनीच्या लेखी निकषांत ते काम कोणत्या पदाकडे येते, एवढेच त्यात असावे. असे निकष लिखित नसतील तर एसएफआयएची पातळी दाखवावी. टिपण वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत मांडू नये. तोवर बढतीची यादी बहुधा ठरलेली असते. दोन ते तीन महिने आधी मांडावे, आणि ‘मला बढती हवी’ असे न म्हणता ‘हे काम मी करतोच आहे, त्याला योग्य पदनाम मिळण्यासाठी आणखी काय दिसायला हवे?’ असे विचारावे. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच दिवशी ते मेलवर लिहून पाठवावे.

नकार मिळाल्यास निदान कामाचे वर्णन लेखी बदलून घ्यावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत म्हणून ते सहसा मान्य होते, आणि पुढच्या नोकरीत त्याचा उपयोग पदनामाहून जास्त होतो. याउलट पगारवाढीऐवजी केवळ भारदस्त पदनाम देऊ केले गेले, तर त्यासोबत कोणते निर्णय आपल्या हाती येणार ते विचारावे. एकही येणार नसेल, तर ते पदनाम आपल्याला आधी सांगितलेल्या, मोठे पदनाम पण अपुरे कौशल्य या प्रकारातील माणूस बनवील.

रेझ्युमेवर अधिकृत पदनाम कदापि बदलू नये. पार्श्वभूमी तपासणीत पूर्वीच्या कंपनीकडून पदनाम पडताळले जाते आणि तेथील विसंगती खरे काम असूनही खोटेपणा ठरते. अधिकृत पदनाम जसेच्या तसे लिहून त्याखालच्या पहिल्या ओळीत कामाचे स्वरूप लिहावे: ‘सपोर्ट इंजिनिअर. ऑर्डर प्रणालीच्या डिप्लॉयमेंटची आणि रात्रपाळीतील बिघाडांची संपूर्ण जबाबदारी.’

जाहिरात वाचताना

जाहिरातीतील पदनाम झाकून फक्त क्रियापदे वाचावीत. ‘समन्वय साधणे’, ‘पाठपुरावा करणे’, ‘अहवाल देणे’ यांचीच गर्दी असेल तर ‘इंजिनिअर’ हा शब्द शोभेचा आहे. मुलाखतीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत: पहिल्या तीन महिन्यांत कोणता निर्णय मी एकट्याने घेईन, रात्री प्रणाली बंद पडली तर फोन कोणाला जातो, आणि माझ्या आधी हे काम कोण करत होते व ती व्यक्ती आता काय करते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले, तर त्या पदाचे काम त्यांचेच अजून ठरलेले नाही असे समजावे.

हिशेब दर तिमाहीला पुढे चालवावा आणि तो कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नये, कारण नोकरी सुटते त्या दिवशी लॅपटॉपही जातो. मात्र तो घरी नेताना ग्राहकांची नावे, कोडचे तुकडे आणि अंतर्गत आकडे त्यातून वगळावेत. ‘पेमेंट सेवा’ एवढे लिहिले तरी दोन वर्षांनी मुलाखतीत ती रात्र आठवण्यास ते पुरते.